मित्सुएचा भाऊ

“नको काय नको? तिसरी वाटी घ्यायचीच,” असं म्हणत मित्सुएनं समोरच्या मुलीच्या वाटीत बांबूच्या कोवळ्या कोंबांचं सूप ओतलंसुद्धा. “उद्या दोन हजार चारशे सेहेचाळीस पायऱ्या चढायच्यात. अर्ध्यावर बसकण मारलीस तर उचलून कोण आणणार? आमचे कानोकाका? त्यांचेच गुडघे करकरतात.”

“माझ्या गुडघ्यांवर जाऊ नकोस हं,” कोपऱ्यातून वाटाड्या कानोकाका म्हणाले. शंख पुसता पुसता त्यांनी डोळे वटारले, तशी सगळी पंगत हसली.

ओसाकाहून बारा जण आले होते. कुणी बँकेतलं, कुणी दुकानातलं. तीन दिवस झाडांत राहायचं, धबधब्याखाली उभं राहायचं, मन हलकं करून परत जायचं. अंगात सगळ्यांच्या पांढरे कपडे. ते प्रेताचे असतात, हे कानोकाकांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. डोंगर चढायचा तो मेल्यासारखा आणि उतरायचं ते नव्यानं जन्मून. हागुरो डोंगराच्या पायथ्याशी मित्सुएचं यात्रेकरूंचं घर होतं आणि चाळीस उन्हाळे ती अशा पांढऱ्या पंगती वाढत आली होती.

ती मुलगी मात्र हसली नाही. वाटीकडे बघत राहिली.

“बाबांनापण तुम्ही तिसरी वाटी वाढली होती,” ती हळूच म्हणाली.

“हो का? कधी आले होते?”

“सहा वर्षांपूर्वी. जेवणं झाली की तुमच्याशी जरा बोलायचंय. एकटीशी.”

मित्सुएला त्यात काही वाटलं नाही. इथं येणाऱ्यांना बोलायचं असतंच. कुणाचा घटस्फोट, कुणाचं दुखणं. भांडी विसळता विसळता ती ऐकून घेई आणि जाताना हातावर लोणचं ठेवी.

मुलगी स्वयंपाकघरात आली. नाव सायो, वय बावीस. तिनं फोनवरचा एक फोटो पुढे धरला. याच घराच्या दारात तीस यात्रेकरू उभे होते. मधे मित्सुए तोंडभर हसत होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून एक टकल्या, जाड चष्म्याचा, वाकलेला माणूस.

“हे माझे बाबा. फेब्रुवारीत गेले. जाण्याआधी चार दिवस त्यांनी मला त्यांचं खरं नाव सांगितलं. तात्सुओ. म्हणाले, हागुरोला माझी मोठी बहीण आहे.”

मित्सुएच्या हातातली वाटी पाण्यात सुटली.

“माझा भाऊ सव्वीस वर्षांपूर्वी गेला,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “गास्सान डोंगरावर. बर्फात. तू कुणाचं काय ऐकून आलीस, पोरी?”

“एका म्हाताऱ्या बाईची टोपी शोधायला वर गेले होते ना?”

मित्सुए खाली बसली. फरशीवरच बसली.

टोपीचं तिघांनाच ठाऊक होतं. तात्सुओ तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि यात्रेकरूंना वर न्यायचा. ऑक्टोबरात अवचित वादळ आलं, त्याच्या तुकडीतली एक म्हातारी गारठून मेली. तिचा मुलगा प्रेत न्यायला आला. ओरडला नाही, रडला नाही. तात्सुओपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, ‘आईला इथवर सांभाळलंत, आभारी आहे.’ दुसऱ्या दिवशी तात्सुओ म्हणाला, ‘म्हातारीची टोपी वरच राहिलीय, घेऊन येतो.’ आला नाही. मित्सुए, आई आणि कानो, तिघांदेखत निघाला होता तो.

“टोपी शोधलीच नाही त्यांनी,” सायो म्हणाली. “पलीकडच्या अंगानं उतरले आणि बस धरली. ओसाकाला एका हमामखान्यात बॉयलर सांभाळायचे. बर्फ पडला की त्या दिवशी घराबाहेर पडायचे नाहीत. मला वाटायचं थंडी सोसत नाही.”

“आणि इथं आला होता? या घरात जेवला?”

“तुम्हाला नुसतं बघून यायचं म्हणत होते. पंगतीत ते शेवटी बसले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘खा हो आजोबा, लाजू नका.’ ”

“आजोबा?”

“हो. घरी येऊन ते सांगायचे, डोंगराखालच्या एका बाईनं मला आजोबा केलं. खूप हसायचे. मग उठून दुसऱ्या खोलीत जायचे.”

मित्सुएहून सहा वर्षांनी धाकटा. लहानपणी पाठुंगळीला घेऊन जिना चढवलेला. त्याच्या वाटीत सूप ओतताना तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं की नाही, हे तिला काही केल्या आठवेना. त्या दिवशी तीस माणसं होती. तिनं त्या फोटोतल्या स्वतःच्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि फोन उपडा ठेवला.

“आई तीन वर्षं रोज भाताचा गोळा घेऊन डोंगराच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायची,” ती म्हणाली. “पायात ताकद नव्हती तरी. पोराला भूक लागली असेल म्हणायची. एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही त्याला? एक ओळ?”

दारात कानोकाका कधीचे तिथं उभे होते.

“आठ दिवस शोधला मी त्याला,” ते म्हणाले. “पायाची दोन बोटं गेली माझी त्या बर्फात. आणि हा बसनं गेला!” रागानं काही तरी आणखी बोलतील असं वाटलं; पण त्यांनी विचारलं ते एवढंच, “सुखात होता का गं?”

“मला शाळेत सोडायला यायचे, तेव्हा असायचे,” सायो म्हणाली.

कानोकाका मान हलवून बाहेर निघून गेले.

सकाळी मित्सुएनं नेहमीसारखी न्याहारी वाढली. मग हात पुसून तिनं एप्रन काढून ठेवला आणि चढायचे बूट घातले. सायोच्या पिशवीत चहाचा डबा होता, त्यात बाबांच्या थोड्या अस्थी.

कानोकाकांनी शंख फुंकला. देवदारांच्या मधून दगडी पायऱ्या वर वर जात होत्या. दुसऱ्या चढणीला मित्सुएचा श्वास लागला. ती बसली.

“मालकीणबाई, पाणी देऊ?” सायोनं विचारलं.

“मालकीणबाई काय म्हणतेस? आत्या म्हण.” पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, “समोर असता ना, तर एक सणसणीत थोबाडीत दिली असती मी त्याला.”

“मीपण,” सायो म्हणाली आणि रडायला लागली. मित्सुएनं तिला जवळ घेतलं नाही. डबा मात्र तिच्या हातातून आपल्या मांडीवर घेतला आणि तिचं रडून होईपर्यंत धरून बसली.

वर, मृतांसाठी प्रार्थना होते त्या देवळात तरुण पुजारी कागद आणि कुंचला घेऊन बसला होता. तो मित्सुएला ओळखत होता. दर वर्षी ती भावाच्या नावानं प्रार्थना करवून घ्यायची. तिला बघताच त्यानं न विचारता लिहायला घेतलं. तात्सुओ. मृत्यूसमयीचं वय, बत्तीस.

“अठ्ठावन्न,” मित्सुए म्हणाली.

“बाई, दर वर्षी आपण बत्तीस…”

“अठ्ठावन्न लिहा. आणि जरा मोठ्यानं वाचा.”

पुजाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, शेजारच्या मुलीकडे पाहिलं. त्यानं आकडा खोडला नाही. तो कागद बाजूला ठेवला, कोरा कागद समोर घेतला आणि कुंचला पुन्हा शाईत बुडवला.