डोळ्यांना ठिपका नव्हता

शिंप्याकडे माप देताना तुम्ही कुठे बघता हो? समोरच्या आरशात ना? पोट आत ओढता, खांदे ताठ करता आणि आरशातल्या स्वतःकडे बघत उभे राहता. मग कपडा शिवला जातो तो त्या आरशातल्या माणसाच्या मापाचा. कपड्याचं एक बरं असतं. चुकला तर उसवता येतो.

मी एक सायकल बोलतेय. दूध नि पेपर टाकणारी नव्हे, ट्रायथलॉनची. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, अशा शर्यतीतली. माझ्या हँडलातून पुढे दोन दांड्या शिंगांसारख्या निघतात आणि त्यांच्या मुळाशी कोपरं टेकायला दोन गाद्या आहेत. त्यांवर ओणवं झालं की पाठ सपाट होते आणि वारा अडत नाही. ब्रेक मात्र तिथे नाहीत. ते दूर, बाजूच्या मुठींवर. थांबायचं तर आधी कोपरं उचलायची, हात बाजूला न्यायचे, मग ब्रेक दाबायचा.

आणि घोड्याला निदान स्वतःचे डोळे असतात. स्वार पेंगला तरी घोडा खड्ड्यात जात नाही. मला डोळे नाहीत. माझ्यावर बसणाऱ्याचे तेच माझे.

माझी मालकीण इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "हनुवटी वर, श्वास धरा, हलू नका" असं सांगायची, म्हणून तिथे सगळे तिला 'हलूनका' म्हणत. चाळिशी उलटल्यावर ती पोहायला शिकली, मग धावायला लागली, आणि एका दुपारी मला घरी घेऊन आली. सासूबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"कॅरियर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. निम्मी सायकल दुकानदाराने ठेवून घेतली वाटतं."

"आई, अशीच असते ती. आता हिला माझ्या मापाची करून घ्यायचीय. कॉम्प्युटरवर."

"सायकलीला एवढी मापं? आमच्या लेकाला पसंत करताना तू धड त्याची उंचीसुद्धा विचारली नव्हतीस!"

मालकिणीचा नवरा पेपरामागे हसला. त्या घरात तेव्हा असं हसणं चालायचं.

ज्याच्याकडे मला नेलं त्याला सगळे फिटर म्हणत. भला माणूस. त्याने माझं मागचं चाक स्टँडमध्ये अडकवलं आणि तिला वर बसवलं. घोटा, गुडघा, कंबर, खांदा, कोपर, मनगट, सगळीकडे लाल ठिपके चिकटवले. बाजूला कॅमेरा लावला. ती पॅडल मारू लागली तसं सॉफ्टवेअर ठिपक्याला ठिपका जोडून रेघा काढू लागलं. चुकलेला कोन लाल, जमलेला हिरवा. तिलाही दिसावं म्हणून फिटरने कॉम्प्युटर एका बुटक्या स्टुलावर, अगदी माझ्या पुढच्या चाकासमोर ठेवला.

ती त्या पडद्याकडे बघत पॅडल मारत राहिली. फिटर सीट पुढे सरकवायचा, गाद्यांखालच्या चकत्या काढून त्या खाली आणायचा, आणि एकेक लाल कोन हिरवा व्हायचा.

"अय्या, पाठ बघा माझी! टेबल झालंय नुसतं!"

"अजून एक चकती काढू? सोसेल?"

"काढा की. काहीच त्रास नाही."

खरंच नव्हता. खाली बघताना मानेला कसला त्रास? डोळ्यांना ठिपका कुणी लावलाच नव्हता.

रस्त्यावर स्टूल नव्हतं, पण तिची नजर तिथेच जायची, माझ्या चाकापुढच्या हातभर डांबरावर. जणू ते स्टूल आमच्यापुढे पळत होतं. वर बघायला गेली की मानेत कळ यायची. मग ती थोड्या थोड्या वेळाने वर बघायची. मग तो थोडा वेळ लांबत गेला. एकदा छत्रीवाले एक आजोबा कसेबसे बाजूला झाले आणि मागून ओरडले, "ओ बाई, खाली काय शोधताय? काही सांडलंय का?" तिने घरी ते नक्कल करून सांगितलं. सासूबाई हसल्या. नवरा हसला नाही.

मान दुखते म्हणून ती फिटरकडे गेली. त्याने पुन्हा ठिपके लावले, पुन्हा स्टूल ठेवलं. स्टुलाकडे बघताना तिची मान दुखेना.

"मॅडम, सगळं हिरवं आहे. सराव झाला की मान ऐकेल."

शर्यत चार दिवसांवर आली तेव्हा नवरा स्कूटरने आमच्या पुढे गेला, थांबला आणि आम्ही येताना त्याने मोबाइलवर समोरून चित्रण केलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने ते लावलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून बघितलं. "ह्यात तू कुठेयस गं?"

नुसतं हेल्मेटचं टाळकं दिसत होतं. शेवटपर्यंत चेहरा नाहीच. मालकिणीने ते दोनदा बघितलं. चित्रं बघणं हेच तिचं काम होतं.

"मी स्टुलाकडे बघतेय," ती म्हणाली.

"कसलं स्टूल?"

तिने सांगितलं. मग तिथल्या तिथे फिटरला फोन लावला. "दादा, हँडल वर घ्यायचंय. मला पुढचं दिसत नाही."

"आत्ता? मॅडम, शर्यतीच्या तोंडावर काही म्हणजे काही बदलायचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे ना? शर्यत होऊ द्या. मग लगेच या."

नवरा उठून पाना घेऊन आला. "चार चकत्या घालायच्यात. मी घालतो."

"नको हो. सगळं माप बिघडेल. मी वर बघेन. लक्षात ठेवीन."

"लक्षात ठेवून बघतं का गं कुणी?"

पाना माझ्या सीटवर ठेवून तो आत गेला. सकाळी तिने तो उचलून खिडकीत ठेवला आणि मला बाहेर काढलं. शेवटचा सराव. सरळ रस्ता, पाठीवर वारा. वाटेत एक टेम्पो चाक बदलायला उभा होता. मला तो कळला नाही. एवढंच कळलं की तिची कोपरं एकदम उचलली गेली. एक हात मुठीपर्यंत पोचला. दुसरा नाही.

ती वाचली. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि मानेचे दोन मणके. इस्पितळात तिला तिच्याच एक्स-रेच्या खोलीत, तिच्याच यंत्राखाली निजवलं. तिच्यासोबत काम करणारी म्हणाली, "हलू नका," आणि कुणीच हसलं नाही. आता तिच्या मानेला कडक पट्टा असतो. ती सदैव समोर बघते. खाली बघता येत नाही तिला.

फिटर भेटायला आला, तिच्या पायाशी बसून रडला. ती त्याला रागावून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ते स्टूल काढा. पडदा भिंतीवर लावा, डोळ्यांच्या उंचीला."

"उद्याच लावतो, ताई."

त्याने भिंतीवर लावायची चौकट आणलीसुद्धा. पण जागा भाड्याची. भोक पाडायचं तर मालकाला विचारायला हवं. मालक गावाला. मग ड्रिल कुणीतरी नेलेलं. चौकटीचा खोका फळीवर राहिला. पुढे त्यावर चहाचा कप ठेवायला लागले.

सासूबाई मला दारात उभं करू देईनात. माझं पुढचं चाक नवं बसवलं आणि मला विकलं. मला घेणारा पाववाला आहे, त्यालाही शर्यतीत उतरायचंय. दोन जुळ्या मुलींचा बाप, मोठ्याने हसणारा. मालकीण भिंतीला धरून त्याच्याशी बोलायला बाहेर आली.

"माप घेताना समोर बघा. स्टुलाकडे बघू नका."

"हो हो, ताई," म्हणत तो माझं वजन बोटावर तोलत होता. "काय हलकी आहे हो! पोरीसुद्धा उचलतील."

पाववाल्याने मला मापासाठी सोडलं आणि त्याच फिटरने मला स्टँडमध्ये अडकवलं ती संध्याकाळ होती. त्याने मला पुसलं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरचा ओरखडा दिसला तसा त्याचा हात थांबला. मग त्याने खोका खाली काढला, धूळ फुंकली, माझ्याकडे बघितलं. "सकाळी लवकर येऊन लावतो," असं स्वतःशीच म्हणाला. खोका परत फळीवर ठेवून दिवा मालवून गेला.

मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. घंटीसुद्धा नाही मला, सासूबाई म्हणाल्या होत्या तसं. म्हणून तुम्हाला सांगते. अशा दुकानात कधी गेलात, आपलं कुणी ठिपके लावून बसलेलं दिसलं, तर कोन हिरवे झाले का ते बघू नका. समोर जाऊन उभे राहा आणि त्याचा चेहरा दिसतो का ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला वेळेआधीच येऊन बसला, आणि फिटरने स्टूल ओढून माझ्या पुढच्या चाकासमोर ठेवलं.