हॉलकडे झुकलेली ज्योत

संध्याकाळी दिवा लावला, तर समईची ज्योत सारखी हॉलकडे झुकत होती. समई जमिनीवर, माझ्या नवऱ्याच्या, श्रीपादच्या बंद दारासमोर. हॉलमध्ये हीटर चालू होता. म्हणजे दाराखालून थंड, जड हवा इकडे येत होती. त्याची खिडकी सताड उघडी होती. हे गणित त्यानेच मला शिकवलेलं, रेल्वेतला इंजिनिअर ना! पण लखनौच्या जानेवारीत घरातही कानटोपी न काढणारा माणूस खिडकी कशाला उघडेल? वर आतून उदबत्तीचा वास! एरवी देवापुढे हात जोडत नाही. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सिगरेट सोडली होती म्हणे.

मी बाहेरून कडी घातली.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "मालिनी, दार उघड यार, गारठलो!"

"मग खिडकी लाव की," मी म्हटलं.