दोन हातांचे अंतर

मित्रांनो, थंडीत ज्याच्यासमोर बसून तुम्ही हात शेकता, त्याला ऊब म्हणजे काय ते ठाऊक नसते. निदान मला तरी नाही. मी विजेवर चालणारा, दोन रॉडचा, एका हाताने उचलून कुठेही नेता येईल असा हीटर आहे. अकरा हिवाळे पाहिलेला. सध्या एका बुकबाइंडरच्या खोलीत, कपाटावर, अंगाभोवती वायर गुंडाळून बसलो आहे. जाळीवर धूळ साचली आहे. तिचे मला काही वाटत नाही. वाटण्याची सोय माझ्यात केलेलीच नाही.

माझी घडण साधी आहे. आरशासारखी घासलेली पत्र्याची पाठ, तिच्यापुढे दोन नळ्या आणि नळ्यांत तारेची वेटोळी. वीज आली की तार लाल होते आणि पाठ ती उष्णता समोर फेकते. पोटात एक पट्टी आहे, दोन वेगळ्या धातूंचे पातळ पत्रे एकमेकांना जोडून केलेली. तापल्यावर एक धातू जास्त लांबतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वाकते, आणि मी फार तापलो तर वीज तोडते. तळाला एक बटण आहे. मी जमिनीवर सरळ उभा असलो की ते आत दाबलेले असते. कलंडलो की बाहेर येते आणि मी विझतो. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला तीनदा आडवे पाडले. तिन्ही वेळा मी विझलो. तिने शिक्का मारला. माझी सगळी अक्कल एवढीच.

दुकानात माझ्या एका बाजूला तेलाचा हीटर होता आणि दुसऱ्या बाजूला पंख्याचा. एका सकाळी बाइंडर आणि त्याची मुलगी आत आले. बाइंडरला घरी-दारी सगळे बाबाच म्हणत. मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती.

"खोली केवढी आहे?" दुकानदाराने विचारले.

"बारा बाय दहा. उंची नऊ फूट. एक खिडकी, तिची एक फट बुजत नाही."

"ताई, लहान की मोठी एवढंच विचारलं होतं मी."

"ही आमची मोजपट्टी," बाबा म्हणाले. "हिला पाणी द्या म्हटलं तर किती मिली ते विचारते."

मुलगी हसली नाही. तिने आम्हा तिघांनाही उलटेपालटे करून पाहिले. मग वडिलांना समजावले, की तेलाचा हीटर सावकाश तापतो, पण सगळी खोली उबदार करतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. पंख्याचा लगेच गरम हवा सोडतो, पण टेबलावरचे कागद उडवील. रॉडचा हीटर खोलीच्या भानगडीत पडत नाही. जो समोर बसेल त्यालाच तापवतो.

"मग हाच," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "खोलीशी मला काय करायचंय? माझी बोटं हलली पाहिजेत. थंडीत दोरा ओढता येत नाही आणि खळीचा दगड होतो."

मुलीने दुकानदाराला मला चालू करायला लावले आणि एका बोटाने मला तिरपे केले. टक् असा आवाज झाला आणि मी विझलो. तिने ते चारदा केले. दुकानदार चष्मा पुसत उभा राहिला. मग मी त्यांच्या घरी आलो.

पहिल्याच दिवशी तिने नियम घालून दिले. माझा प्लग थेट भिंतीत लावायचा, चार वायरी खुपसलेल्या बोर्डात नाही. माझ्यावर काही वाळत घालायचे नाही. खोलीतून उठताना मला बंद करायचे. आणि माझ्यापासून दोन हातांवर तिने खडूने फरशीवर रेघ मारली. त्या रेघेच्या आत कागद नको, पडदा नको, माणूस नको. रेघेवर थर्मामीटर दहा मिनिटे टांगून तिने आकडा वहीत लिहिला. चौतीस.

घरात तिसरे माणूस म्हणजे आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिने दुसऱ्याच दिवशी माझ्यावर ओला टॉवेल टाकला.

"आत्या, काढा तो."

"टॉवेल काय लगेच पेट घेणारे?"

"पेट घ्यायच्या आधी वास येईल. तेवढी वाट बघायची का?"

"दादा, हिला सासरी कोण ठेवून घेणार रे?" आत्या टॉवेल उचलत म्हणाली.

"ज्याच्या घरात टॉवेल नसेल तो," बाबा म्हणाले.

त्यानंतर आठ हिवाळे मी नेमाने तापलो. बाबा टेबलाशी बसून जुन्या पुस्तकांची शिलाई उसवायचे, फाटक्या पानांना कागदाच्या पट्ट्या लावायचे, दाभणाने भोके पाडून पुन्हा शिवायचे आणि शिकंज्यात आवळून ठेवायचे. मी रेघेपलीकडून त्यांच्या हातांवर लाल उजेड टाकायचो. कुणी गिऱ्हाईक आले की ते म्हणायचे, "हा माझा जोडीदार. बोलत नाही, सुट्टी मागत नाही." लोक मान डोलवायचे. त्या कौतुकाने मला काही झाले नाही. मात्र ती वर्षे चांगली होती, हे मला आता बाकीच्यांच्या बोलण्यावरून कळते.

नवव्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, "हा आता म्हातारा झाला. पूर्वीसारखा तापत नाही. माझे पाय बर्फ असतात."

त्याच आठवड्यात ते बाजारातून एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात नुसता मोजा असे घरी आले. आत्याने दारातच अडवले.

"दुसरी कुठे ठेवलीस? रस्त्याला आहेर केलास का?"

बाबांनी खाली पाहिले. आपल्या पायाकडे ते असे पाहत होते, जणू ते कुणीतरी टेबलावर ठेवून गेलेले पार्सल असावे. "सुटली असेल कुठेतरी," ते म्हणाले. आत्या आणि मुलगी पुढे दोन दिवस त्यावर हसत होत्या. बाबाही हसले.

माझ्याबद्दलची तक्रार मात्र मुलीने मनावर घेतली. रविवारी तिने मला बंद करून, गार होऊ देऊन, जाळीची धूळ मऊ ब्रशने झाडली. पाठीचा पत्रा पुसला. प्लगला हात लावून तो गरम होत नाही ना ते पाहिले. मग मला चालू केले आणि त्याच रेघेवर तोच थर्मामीटर दहा मिनिटे टांगला.

"चौतीस," ती म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी होते तितकेच. बाबा, हीटर ठीक आहे."

"असेल," बाबा म्हणाले.

तिने वहीत आकडा लिहिला, शेजारी 'हीटर ठीक' असे लिहिले आणि वही मिटली.

मित्रांनो, इथे थोडे थांबा. एक माणूस म्हणत होता, मला ऊब लागत नाही. ऊब होती, हे मोजून सिद्ध झाले होते. मग उरले काय? तिच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याबद्दल तिने हा प्रश्न नक्की विचारला असता. पण समोर नमुना नव्हता, बाबा होते.

बाबांना उत्तर माहीत होते. दोन वर्षांपासून त्यांच्या तळव्यांना काही कळत नव्हते. आतून गार वाटायचे, पण बाहेरचे काही आत पोचत नव्हते. मधुमेहाच्या गोळ्या ते घेत होते, पायांचे मात्र कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर मुलीने आधी शिकंजाच उचलून ठेवला असता, काम बंद केले असते, असे त्यांना वाटायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तके आली होती.

म्हणून मुलगी कामावर गेली की ते मला रेघेच्या आत ओढू लागले. आधी दीड हात, मग एक हात, मग वीतभर. त्यांना माझा उजेड टेबलाखाली, थेट पायांवर हवा होता. त्यासाठी त्यांनी माझ्या मागच्या बाजूखाली दोन जाड शब्दकोश सरकवले. मी पुढे झुकलो, बटण बाहेर आले आणि मी विझलो. त्यांनी पुन्हा लावले, मी पुन्हा विझलो. मला तेवढेच येते.

तेव्हा त्यांनी मला मांडीवर आडवे घेतले. चार थरांचा पुठ्ठा कापून बटण आत दाबून धरील असा तुकडा केला. त्यावर निळे बाइंडिंगचे कापड चढवले, चारही कोपरे कापून आत दुमडले, सरस लावला आणि हाडाच्या पट्टीने घासून बसवले. दुपारभर एक वजन त्यावर ठेवले. त्या घरातले ते सगळ्यात सुबक काम होते. संध्याकाळी मुलगी येण्याआधी ते मला रेघेपलीकडे सरळ उभे करत. सरळ उभ्या हीटरचा तळ कोण बघणार?

दोन हिवाळे असे गेले. मग एका दुपारी ते एका जाडजूड भूगोलाची शिलाई करत होते. काम अवघड होते, मान वर करायला फुरसत नव्हती. मी वीतभर अंतरावर झुकून तापत होतो. पोटातली पट्टी वाकली नाही, कारण मी गरजेपेक्षा जास्त तापलोच नव्हतो. मी अगदी ठीक होतो.

आत्या चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"दादा, कसला वास येतोय? खळ करपली का?"

"खळ टेबलावर आहे."

आत्या खाली वाकली. लोकरी मोजा तपकिरी झाला होता.

"पाय मागे घे."

"कुठला?" बाबांनी विचारले.

आत्याने कप खाली ठेवला, भिंतीतून माझा प्लग उपसला आणि मग खाली बसली. बाबांनी दाभण टोचून ठेवले, म्हणजे जागा चुकू नये.

पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. डॉक्टरांनी विचारले, दुखले कधी? बाबा म्हणाले, दुखले नाही. डॉक्टर म्हणाले, तेच वाईट आहे. बाबा तीन आठवडे दवाखान्यात होते, आणि पाय राहतो की जातो ते कुणी सांगत नव्हते. घरात आत्या एकटी असायची. एकदा ती माझ्यासमोर येऊन बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, म्हणजे कुणालाही वाटले असते, की आता ही मला लाथ मारील. तिने चहाचा तो कप उचलला, पुसला आणि निघून गेली. शेवटी एक करंगळी गेली. बाकीचा पाय राहिला.

बाबा घरी आले त्या दिवशी मुलीने मला टेबलावर उलटे केले. निळा तुकडा तिला दिसला. तिने पातळ सुरीचे टोक कडेला घातले. तो निघाला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"छान केलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हते.

मग तिने वही काढली आणि 'हीटर ठीक' असे लिहिलेले पान उघडून बसली. तिने ते खोडले नाही. बाबा बिछान्यावरून म्हणाले, "तुझं माप बरोबरच होतं."

"हो," ती म्हणाली. "मी मोजलं ते बरोबर होतं."

आता खोलीत तेलाचा हीटर आहे. तो भिंतीपाशी, बिछान्यापासून लांब उभा असतो आणि सगळी खोली हळूहळू उबदार करतो. बाबा पायांत जाड मोजे घालून टेबलाशी बसतात. शिकंजा कुणी उचलला नाही. भूगोल शिवून झाला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. या घरात माझी काळजी उत्तम घेतली गेली. हीटर निवडताना खोली किती मोठी ते पाहा, वायर पाहा, कलंडल्यावर तो विझतो का पाहा आणि ते बटण कधीही बुजवू नका. पण माझ्यातली सगळी सुरक्षा एका गोष्टीवर उभी आहे. समोरच्याला चटका बसेल, आणि तो आपणहून मागे सरकेल, असे आम्हाला घडवणारे धरून चालतात. तुमच्या घरातल्या माणसाला चटका कळतो का, हे मला तपासता येत नाही. ते तुम्हीच विचारा. तो म्हणाला की हीटर तापत नाही, तर हीटर तपासा, आणि मग त्या माणसाजवळ बसा.

मुलगी आता रोज संध्याकाळी बसते. फरशीवर बसून वडिलांचा पाय मांडीवर घेते. त्यांना डोळे मिटायला सांगते आणि शिलाईच्या दोऱ्याचे टोक तळव्याला एकेका जागी टेकवते. डॉक्टरांनीच शिकवले आहे.

"आता?"

"हो."

"बाबा, मी अजून दोरा लावलाच नाही."

"मग विचारतेस कशाला?"

काल तिने अंगठ्याला दोरा लावला. बाबा गप्प राहिले. चवड्याला लावला, टाचेला लावला. ते डोळे मिटून वाट पाहत होते. तिने वहीत तीन फुल्या केल्या. मग दोरा खाली ठेवला आणि घोट्याच्या वर, जिथे मोज्याची कड संपते, तिथे नुसता हात ठेवला.

"इथे?"

"इथे आहे," बाबा म्हणाले. "गार आहे तुझा हात."

तिने वहीत काही लिहिले नाही. हातही काढला नाही.