उजवी बाही

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच.

तिसगावात महिला मंडळाने तीन महिन्यांचा शिवणक्लास काढला, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. वय वर्षे अठ्ठेचाळीस. माझ्या मुलाने, हर्षलने घेऊन दिलेलं मोटरचं मशीन घरात दीड वर्ष चादरीखाली झाकलेलं होतं. ‘आईला कशाचा धीर नाही, ती काय शिवणार,’ असं तो एकदा जेवताना बोलला होता. मी नाकावर माशी बसू देत नाही. त्याच आठवड्यात वही, टेप, कात्री घेऊन मी क्लासात हजर.

आम्ही बाराजणी होतो. शिकवायला पाथर्डीहून मोनिका मॅडम यायच्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी मला लंकाबाईच्या शेजारचं मशीन दिलं, तिथेच माझं डोकं फिरलं. लंकाबाई आमच्या रानात खुरपायला येते आणि दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. रानात मी बांधावर उभी राहून तिला ‘ते तण राहिलं बघ’ म्हणणार आणि इथे तिच्या मांडीला मांडी लावून बसणार! त्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला. माझी शिलाई नांगराच्या तासासारखी वाकडी जायची आणि तिची सरळ. मॅडम माझ्याच समोर म्हणायच्या, “सविताताई, लंकाबाईंचं बघा जरा.” मी बघायचे आणि जळायचे.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीने एक ब्लाऊज शिवून आणायचा होता. जिचा सगळ्यात नीट, तिला मंडळाचं मशीन वर्षभर घरी न्यायला मिळणार होतं. मला त्या मशीनचं काय करायचं होतं? काहीच नाही. पण लंकाबाईला होतं. ती मला हळूच म्हणाली होती, “वैनी, मशीन मिळालं तर यंदा मी तोडीला जानार न्हाई. मालक त्यांच्या भावासंगं कोयत्याची जोडी लावतील. माझी दिशा दहावीला हाय. मी घरी ऱ्हायले तर तिची शाळा बुडायची न्हाई.”

“बघू,” मी म्हटलं. जसं काही माझ्या हातात होतं. पुढे ते खरंच माझ्या हातात आलं.

मॅडमनी आम्हाला बाही कापायला शिकवली होती ती अशी, की कापडाची घडी घालायची आणि दोन्ही बाह्या एकदमच कापायच्या, म्हणजे कमी-जास्त होत नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी पाहिलं, लंकाबाई घडी न घालता एकेक बाही वेगळी कापत होती. तेव्हाच विचारता आलं असतं. तिथेच बोलले असते तर ती कारण सांगू शकली असती, नाहीतर दुसरं कापड तरी आणू शकली असती. मी तोंड मिटून घेतलं. मी वाट बघत होते, हे आता लिहिताना माझेच कान गरम होतायत.

शेवटच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षा आल्या होत्या. सगळे ब्लाऊज टेबलावर मांडले. लंकाबाईने निळा शिवला होता, तिच्या जावेच्या, रंगुबाईच्या मापाचा. अध्यक्षांनी तो दोनदा हातात घेतला. तेव्हा मी म्हणाले, “मॅडम, तेवढ्या दोन्ही बाह्या मोजून बघा.”

मॅडमनी टेप लावला. उजवी बाही दंडाला पाऊण इंच मोठी निघाली.

“अगं बाई! रंगुबाईचा एक हात सुजलाय काय?” मी म्हणाले. सगळ्या हसल्या. मोठ्याने मीच हसले. लंकाबाईने माझ्याकडे पाहिलं. “चुकलं आसंल,” एवढंच ती म्हणाली.

घरच्या मशीनवर उसवून-उसवून शिवलेला माझा ब्लाऊज त्या खालोखाल नीट होता, म्हणून मशीन मला मिळालं. टाळ्याही मिळाल्या.

पाच दिवसांनी कपाशीची पहिली वेचणी होती. लंकाबाई आली नव्हती, तिची जाव रंगुबाई आणि वस्तीवरच्या सहाजणी होत्या. दुपारी त्या लिंबाखाली भाकरी खायला बसल्या. मी पाण्याची कळशी ठेवायला गेले आणि माझं लक्ष रंगुबाईच्या दंडाकडे गेलं. उजव्या बाहीची शिवण उसवलेली, तिथे वेगळ्याच रंगाचं ठिगळ. शेजारणीचीही उजवीच बाही उसवलेली. तिसरीची उजवी बाही तर चिरूनच टाकलेली. डावी बाही मात्र प्रत्येकीची धड होती.

“उजवीच कशी गं फाटते?” मी विचारलं.

रंगुबाईला त्यात विचारण्यासारखं काय तेच कळेना. “कोयता उजव्या हातात आसतो ना, वैनी. पंधरा वर्सं ऊस तोडतोय. दंड भरतो उजवा. शिंप्याचा ब्लाऊज म्हैनाभर टिकत न्हाई.”

ह्या बाया वीस वर्षं आमच्या रानात येतात. त्यांच्या बाह्या मी वीस वर्षं पाहिल्या आणि फाटक्या अंगावर घालतात म्हणून नाकही मुरडलं. मला त्या लिंबाखाली उभं राहवेना.

त्याच संध्याकाळी मंडळाचं मशीन टेम्पोत घातलं आणि लंकाबाईच्या वस्तीवर गेले. वाटेत एकच वाक्य घोकत होते. ‘तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.’ पाच शब्द. त्यासाठी जीभ झिजणार नव्हती.

दारात ताडपत्री, भांडी, गोधड्या बांधून ठेवलेल्या. लंकाबाई लगबगीने बाहेर आली. “वैनी, तुमी? बसा बसा. दिशा, पानी आन गं.”

“मशीन आणलंय तुला,” मी म्हणाले.

ती मशीनकडे बघत राहिली. “आता काय करू त्याचं? क्लास सुटला त्याच दिशी मुकादमाला नाव दिलं. उद्या पहाटं ट्रॅक्टर निघनार. दिशा बी संगंच येती. न्या तुमी परत.”

दिशा पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. म्हटलं, आता तरी बोल, सविता. तेवढ्यात लंकाबाई आत गेली आणि तो निळा ब्लाऊज घेऊन आली.

“वैनी, बरं झालं आला. रंगुबाईचा उजवा दंड मोठा, म्हनून मी आपली माझ्या अकलेनं बाही मोठी ठेवली हुती. पर तुमी म्हनला ते खरं. शिकायला गेलं तर शिकल्यावानी करावं मानसानं. मी उसवून, कापून डावीएवढी केली. बघा बरं, आता जमली का?”

तिने दोन्ही बाह्या माझ्यापुढे जुळवून धरल्या. टाका न टाका सरळ. उजवीचं कापलेलं कापड आता परत जोडता येणार नव्हतं. दारात रंगुबाई येऊन उभी राहिली होती, टेम्पोवाला ऐकत होता आणि दिशा माझ्या तोंडाकडे बघत होती. ते पाच शब्द आत्ताच म्हणायचे होते.

“जमली,” मी म्हणाले.

लंकाबाईचा चेहरा खुलला. “मग झालं तर. आमच्या टोळीत चौदा बाया हायेत. हातानं शिवीन, पर समद्यांच्या बाह्या आता घडी घालूनच कापीन.”

मी मान डोलावली, तिने केलेला चहा प्यायले आणि मशीन घेऊन परत आले.