उभ्या गाडीतला वारा

"आई, त्याच्या मानेला हात लावून बघा ना."

"आत्ताच तर बघितलं."

"परत बघा."

मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंनी, नलिनीताईंनी, सुस्कारा सोडला आणि नातवाच्या मानेखाली हात घातला. "लागतंय थोडं गरम. पण जूनचा महिना आहे बाई, पोरं गरम लागणारच. तू आपली समोर बघ."

समोर बघण्यासारखं काही नव्हतं. चंडीगढच्या बाहेर, झिरकपूरच्या अलीकडे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यांच्या टपांवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. ऋजुताने एसीच्या जाळीपुढे तळहात धरला. मघाशी पंचकुल्याच्या मोकळ्या रस्त्यावर याच जाळीतून बोटं आखडतील असा गार वारा येत होता. गाडी थांबली तसा तो कोमट झाला, आणि आता तर कुणी तोंडावर श्वास सोडावा तसा लागत होता.

हे असंच होतं. गाडी पळत असली की एसी शहाण्यासारखा वागायचा आणि सिग्नलला थांबली की हात टेकायचा. तीन मेकॅनिक झाले. ती जीव तोडून सांगायची, "भैया, खडी गाडी में ठंडा नहीं करता." तो मान डोलवायचा, किल्ली घ्यायचा आणि गाडी भरधाव एअरपोर्ट रोडला घेऊन जायचा. परत आला की म्हणायचा, "चिल्ड है जी, एकदम चिल्ड." मग वर थोडा गॅस भरून द्यायचा. फोनवर नवराही तेच सांगायचा, शेजारचे कर्नलसाहेबही तेच. सगळ्यांचं एकमत गॅसवर.

"माणसाच्या पोटापासून गाडीपर्यंत इथे सगळ्यांना गॅसच होतो का गं?" नलिनीताईंनी आल्या आल्या विचारलं होतं, आणि ऋजुताला खूप दिवसांनी हसू आलं होतं.

आता हसू येत नव्हतं. तिने आरसा वळवून अपूर्वकडे पाहिलं. दोन वर्षांचं पोर, डोक्यावर बारीक, विरळ जावळ, अजून पुरते दात नाहीत. आणि कपाळ कोरडं. बाहेर एवढी आग, आजीच्या कपाळावर, ओठांवर घामाचे थेंब, ऋजुताच्या पाठीला कुडता चिकटलेला. त्याच्या अंगावर मात्र ओलाव्याचा मागमूस नाही. चंडीगढला बदली होऊन आल्यावर, मार्चमध्ये, पहिल्यांदा उन्हं चढली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं: याच्या अंगाला घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. बाकी मुलगा ठणठणीत. फक्त त्याला तापू द्यायचं नाही. तापला की तो आपला आपण गार होणार नाही, तुम्हालाच करावा लागेल.

तेव्हापासून तिचा एक हात सतत त्याच्या मानेवर असायचा. सेक्टर चौतीसच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतानासुद्धा तो हात हवेत काहीतरी चाचपत असायचा.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून येताना असाच रस्ता तुंबला, असाच एसी दमला, आणि घरी पोहोचेपर्यंत अपूर्व डोळे अर्धे मिटून पडला. टबात घालून, पाणी ओतून तो ताळ्यावर आला. नवरा, विक्रम, लष्कराच्या युनिटबरोबर वाळवंटात सरावाला गेलेला. रात्री त्याचा फोन लागला आणि त्याने एवढंच म्हटलं, "तुला झेपत नाहीये, ऋजू. आईला बोलावतो. पाऊस पडेपर्यंत त्याला पाचगणीला माझ्या मामाकडे राहू दे."

जी आई पोराला दवाखान्यातून आणता आणता भाजून काढते, तिने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? म्हणून आज ती स्वतःच्या हाताने त्याला एअरपोर्टला सोडायला निघाली होती. पाचगणीची हवा गार. पण पुण्याहून वर जाताना टॅक्सी घाटात अडकली तर? आई विसरल्या तर?

"मम्मा, गल्मी," अपूर्व म्हणाला. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र शेजारच्या मुलांची हिंदी. "पानी."

त्याच्या आवाजात रडं नव्हतं, तेच तिला नको होतं. तापला की तो रडायचा नाही, मऊ पडायचा.

ऋजुताने स्प्रेची बाटली मागे दिली. "आई, मारा. छातीवर, डोक्यावर. ओला टॉवेल पिशवीत आहे."

"अगं, प्रवासात एवढं ओलं केलं तर सर्दी..." असं म्हणत नलिनीताईंनी त्याच्या शर्टात हात घातला आणि वाक्य तिथेच राहिलं. "ऋजुता. हा लई तापलाय गं."

वाईचा तो 'लई' त्यांच्या तोंडून एरवी यायचा नाही.

ऋजुताने खिडकी खाली केली. बाहेरून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. शेजारच्या गाडीतल्या माणसाला विचारलं, "क्या हुआ आगे?"

"बजरी दी ट्राली पलट गई, मैडम. क्रेन आ रही है. पक्का टाइम लगेगा."

पुढे खडीची ट्रॉली उलटली होती. त्या माणसाच्या गाडीपलीकडे, रस्त्याच्या कडेला, तिला शामियाना दिसला. शीख गुरूंच्या शहीदी दिवसांची छबील. भर उन्हात डोक्याला रुमाल बांधलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यांना गुलाबी थंड दुधाचे पेले वाटत होती. मागे गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या, आणि शेजारी घोंघावणारा मोठा कूलर.

तिने चाकं कशीबशी कडेला घेतली, अपूर्वला उचललं आणि धावली. मागून नलिनीताई, पदर खोचून.

"बीजी, बर्फ़! बच्चे को गर्मी चढ़ गई है, इसे पसीना नहीं आता!"

पेले भरणाऱ्या म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे एकदा आणि मुलाकडे एकदा पाहिलं. "ओए, कूलर एद्धर मोड़ो! आजा पुत्त, आजा." बर्फाचं पाणी आलं, पंचा आला. नलिनीताई खुर्चीत बसल्या, मांडीवर नातू घेतला आणि ओला पंचा त्याच्या अंगावर फिरवायला लागल्या. त्याच्या काखेला, मानेला, तळव्यांना. ऋजुता शेजारी गुडघ्यांवर बसून त्याचे डोळे बघत राहिली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग अपूर्वने मान वळवली, गुलाबी पेल्याकडे बोट केलं आणि भोकाड पसरलं.

"पी, पी रे सोन्या," नलिनीताई म्हणाल्या. त्यांचे गाल ओले होते. घामाने की कशाने, ऋजुताने पाहिलं नाही.

एक सरदारजी आपुलकीने जवळ आले. "गड्डी दी गैस चैक करा लो, बेटा."

ऋजुता उठली. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. "आई, याला घेऊन इथेच बसा. हात काढू नका."

पुढे एअरपोर्टपर्यंतचा रस्ता होता आणि त्या गाडीत त्याला परत बसवायचं होतं. तिने बॉनेट उघडलं, इंजिन आणि एसी चालूच ठेवला, आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. गाडी हलवली नाही. ती नुसती बघत उभी राहिली.

पळताना वारा आपोआप समोरून आत शिरतो आणि एसीच्या गरम नळ्या निववतो. उभं असताना तो आत ओढून घ्यावा लागतो. ओढणारा पंखा तर गरागरा फिरत होता. मग वारा कुठे अडतोय? तिने ओढणीचं टोक समोरच्या जाळीपुढे धरलं. वरच्या बाजूला ते फटकन आत ओढलं जाऊन चिकटलं. तिने हात खाली नेला. ओढणी नुसती लोंबत राहिली. पुन्हा वर, चिकटली. पुन्हा खाली, लोंबली.

तिने इंजिन बंद केलं, पंखा थांबू दिला आणि मोबाईलचा उजेड जाळीच्या मागे पाडला. खालच्या अर्ध्या भागात काहीतरी काळं, सपाट होतं. धुळीने इतकं माखलेलं की गाडीचाच भाग वाटावा. तिने वरून फटीत हात घातला. पत्र्याने मनगट सोललं. बोटांना कडा लागली, तिने ओढली. एक कोपरा आला, अडकला, मग सगळंच सरसर वर आलं.

पुठ्ठा होता. मेणकापडात गुंडाळून दोरीने बांधलेला. बाहेरून काजळी, पण घडी सुटली तशी आतून पिवळी बदकं दिसली.

श्रीनगर. गेल्या हिवाळ्यापर्यंतची पोस्टिंग. तिथे सगळेच गाडीच्या तोंडाला पुठ्ठा लावायचे, म्हणजे थंड वारा अडतो, इंजिन लवकर तापतं आणि आत लवकर ऊब येते. मग बदलीची ऑर्डर आली, ट्रंका भरल्या, गाडी खाली उतरली. विक्रम नव्या युनिटच्या गडबडीत. पुठ्ठा कुणाच्याच ध्यानात राहिला नाही.

ती तो हातात घेऊन शामियान्यात आली तेव्हा अपूर्व ओठांवर गुलाबी मिशी घेऊन आजीच्या बांगड्या ओढत होता. नलिनीताईंनी त्या बदकांकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या.

"हे बाळंतविड्यातलं," त्या म्हणाल्या. "मी आणलेलं."

"हो."

"मीच विक्रमच्या मागे लागले होते. पोर कुडकुडतंय, तुझी गाडी तापत नाही म्हणून. पुठ्ठा भिजेल तर हे गुंडाळ म्हटलं. बॅटरी धरून मीच उभी होते बर्फात."

"आई, तेव्हा कुणाला माहीत होतं?"

मेणकापडाच्या कडेवरून नलिनीताई अंगठा फिरवत राहिल्या.

ट्रॉली हलली. गाडीत बसल्यावर ऋजुताने एसी लावला आणि रांग सुटेपर्यंत हात जाळीपुढे धरून ठेवला. वारा गार होता. गाडी जागेवर उभी होती आणि वारा गार होता. तिला रडावंसं वाटलं; ती गियर टाकून पुढे निघाली.

मोहालीच्या बाजूने एअरपोर्टचा रस्ता मोकळा मिळाला. आरशात तिला फक्त सासूबाईंचा हात दिसत होता, अपूर्वच्या मानेवर. तो तिथून हललाच नाही. विमानाला वेळ होता. तिने मनातल्या मनात सांगायच्या गोष्टी घोळवल्या. स्प्रे कुठल्या कप्प्यात, टॉवेल किती, टॅक्सीवाल्याला आधी एसी लावून गाडी उभी करून बघायला सांगा. आता गाडी ठीक झाली, मग तो का जातोय, हा प्रश्न जिभेवर आला की ती गिळत होती. शब्द दिला होता. विक्रमने मामांना कळवलं होतं.

प्रवेशद्वारासमोर तिने गाडी थांबवली. नलिनीताई उतरल्या. ऋजुताने डिकीतून त्यांची बॅग काढली, मग अपूर्वची निळी बॅग.

"ती राहू दे."

"आई?"

"राहू दे म्हटलं ना." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी एकदा बघीन आणि ठीक आहे म्हणीन. तुझ्यासारखं सारखं सारखं हात लावून बघणं मला जमायचं नाही गं. आज गाडीत मी काय म्हटलं? सर्दी होईल म्हटलं."

"पण त्या शामियान्यात तुम्हीच तर त्याला गार केलंत..."

"तू शेजारी होतीस म्हणून." त्यांनी चष्मा परत चढवला. "विक्रमला मी सांगते. तू मध्ये बोलू नकोस."

"मग तुम्ही तरी राहा आई, महिनाभर."

"छे. तुझे सासरे एकटे आहेत, चहासुद्धा उतू घालतात." त्या वाकल्या, उघड्या खिडकीतून आत डोकावल्या. आधी नातवाची मान बघितली, मग मुका घेतला. "आजी, टाटा," तो म्हणाला.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. ऋजुता स्टिअरिंगवर बसली, पण निघाली नाही. दारावरच्या जवानापुढे नलिनीताईंनी पर्स उघडून दोन तिकिटांचे कागद पुढे केले. ते वाचून त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे, कमरेच्या उंचीवर, कुणाला तरी शोधत. काहीतरी विचारलं. नलिनीताईंनी मान हलवली. दोनातला एक कागद काढून घेतला, नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला आणि आपली बॅग ओढत एकट्या आत गेल्या.