प्रश्न तिला आहे

तिकीट खिडकीवर काम करणाऱ्या सुनेची डावी पोटरी आठवडाभर ठणकत होती. काचेमागची तिची जागा इतकी अरुंद, की पाय लांब करायची सोय नाही. घरी सासूबाई रोज पोटरीला तेल चोळायच्या. "बसून बसून आखडलाय," म्हणायच्या. त्यांचा सुनेवर जीव होता आणि अडचण तिथंच होती. दुसऱ्या नातवंडाच्या आशेनं त्यांनी स्वेटर विणायला घेतला होता. सून मात्र गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या घेत होती.

जिना चढताना तिला धाप लागली, तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी जास्त भरली.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"छे, डोकं दुखलं तरी घेत नाही ती," सासूबाई म्हणाल्या.

"प्रश्न तिला आहे."

सुनेनं नकारार्थी मान हलवली.

"आजी, जरा बाहेर बसता?"

"मी काय परकी आहे?" सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"मग दोघी ऐका. काही गर्भनिरोधक गोळ्यांतल्या हार्मोनमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, हे संशोधनातून कळलंय. बहुतेकींना काही होत नाही. गरोदरपणात तर हा धोका त्याहून जास्त. पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेततं. म्हणून विचारते, चुगली करायला नाही."

खोलीला दार एकच, आणि त्याच्या वाटेत सासूबाईंची खुर्ची. सुनेनं जमिनीकडे बघत सांगितलं, "घेते मी. उन्हाळ्यापासून."

सासूबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आणि मी रोज तोच पाय रगडत होते!"

"आता रगडू नका. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

तपासणीत गुठळी निघाली. वेळेवर उपचार मिळाले.

"मला सांगायचं नाहीस का गं?" खाटेशेजारी बसून सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही कधी विचारलंत, आई? माझी उत्तरंही तुम्हीच देत होता."

पुढच्या तपासणीला सुनेचा नवराही आला. "आता कसं वाटतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारताच तो म्हणाला, "बरी आहे ती."

सासूबाईंनी त्याची बाही ओढली. "ऊठ. तुला विचारलंय का?" आणि त्याला घेऊन त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

वाचकहो, गोळीचा धोका डॉक्टरांना सांभाळता येतो, पण ती चालू आहे हे त्यांना कळलं तरच. आपल्या घरातल्या बाईला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या.