डावखुऱ्या टाक्याचा मोर

दुपारची भांडी आवरून ललिता अंतरपाटाला शेवटचे टाके घालत होती. लेकीचं, आरतीचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. या घराण्याच्या अंतरपाटावर कुयरीच्या वेलीत दोन मोर भरायचे आणि ते सवाष्णीनंच भरायचे, अशी रीत. ललिताचा नवरा गेल्यापासून तिनं फक्त खडूनं नक्षी काढून द्यायची. टाके जाऊबाई सिंधूचे. पण सिंधूचे मोर कोंबड्यांसारखे दिसत, म्हणून चोरून भरायची ललिताच, नाव सिंधूचं. परतवाड्याच्या प्रदर्शनात ‘जुने नमुने जपणारी गृहिणी’ म्हणून हार पडला, तोही सिंधूच्याच गळ्यात. विधवेच्या हातची भाकरी चालते, टाका मात्र विटाळतो. काय तो धर्म!

सासू सुभद्राबाईंची नजर गेलेली, बोटं मात्र शाबूत. मोरावरून हात फिरवताना त्या थबकल्या. टाके उलट्या बाजूला झुकलेले होते आणि घरात डावखुरी एकच होती.

"बिनकुकवाचा हात लागला याले! उसव आत्ताच्या आत्ता!"

"आत्याबाई, तुमीच तं शिकवला हा मोर मले."

"तवा कुकू होतं तुह्या कपाळी."

"उसवतो मी. पन तुमाले दिसत नाई, सिंधूले येत नाई. मंग हा मोर भरन कोन?"

"मेला तं मेला मोर! नातीच्या संसारापेक्षा मोठा हाय काय?"

ललितानं कात्री उचललीही, पण आरतीनं ती हिसकावून घेतली.

"आजी, हाच अंतरपाट धरसान तं मी उभी राहीन. नाई तं पावण्यायले आजच फोन करा."

म्हातारी धुमसत, भिंत चाचपत आत निघून गेली.

लग्नाच्या दिवशी अंतरपाटाचं एक टोक भटजींनी धरलं, दुसरं आरतीच्या काकानं, देवीदासनं. मंगलाष्टकं सुरू होणार तोच सुभद्राबाई कडाडल्या, "देवीदास, सोड तो! अवदसा हाय त्याच्यात!"

आणि त्या बहाद्दरानं खरंच टोक सोडलं. मोर मातीत लोळला. हार घालून घेणाऱ्या सिंधूनं मान खाली घातली. कोणी जागचं हललं नाही.

मंडपाच्या मागे, सवाष्णींपासून दूर उभी केलेली ललिता चालत पुढे आली. तिनं टोक उचललं, माती झटकली आणि अंतरपाट ताणून धरला.

"म्हना भटजी. माह्या लेकीचं लगन हाय."

भटजी घुटमळले, मग म्हणू लागले. अर्ध्या मंडपानं अक्षता टाकल्याच नाहीत. वाचकहो, तुम्ही तिथं असता, तर तुमच्या मुठीतल्या अक्षतांचं काय केलं असतं?